कॉईल बदलण्याआधी

जुलैत कोल्हापुरात पावसाची झड लागली, की सकाळी दुचाकीला किक मारून मारून घाम निघतो आणि दुपारी उद्यमनगरातल्या एखाद्या गॅरेजात ‘कॉईल गेली’ असे निदान होते. पुष्कळदा ती गेलेली नसते.

कॉईल म्हणजे प्लगवर ठिणगी पाडण्याइतका विजेचा दाब तयार करणारा भाग. बॅटरीवरच्या इग्निशनमधील (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतील) कॉईलमध्ये लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात: जाड तारेचे प्राथमिक आणि केसासारख्या तारेचे, साधारण शंभर पट वेढ्यांचे दुय्यम. 12 व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह काही मिलिसेकंद प्राथमिकातून वाहिला, की गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते. ठिणगी मात्र प्रवाह सुरू होताना नव्हे, तो तोडताना पडते, आणि सगळी मेख इथेच आहे. प्रवाह एकाएकी तुटला, की ते क्षेत्र क्षणात कोसळते, दुय्यमात 20,000 व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब उठू शकतो आणि प्लगची जेमतेम मिलिमीटरभर फट भेदली जाते. जुन्या गाड्यांत तोडण्याचे काम पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे धातूचे संपर्क, करीत. त्यांना जोडलेला कंडेन्सर बिघडला, की पॉइंटवरच ठिणग्या उडून प्रवाह रेंगाळत तुटे आणि प्लगपर्यंत फारसे काही पोहोचत नसे. आता ते काम ट्रान्झिस्टर करतो. सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) प्रकारच्या दुचाकीत ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठते, कॉईल फक्त दाब वाढवते.

एवढा दाब ओल्या, मळक्या किंवा तडकलेल्या प्लग कॅपवरून (प्लगवर बसणाऱ्या टोपीवरून) सरळ इंजिनाच्या धातूकडे वाट काढतो. म्हणून इंजिन बंद करून आधी कॅप काढावी, आतबाहेर पुसून कोरडी करावी, तडा असल्यास बदलावी. त्यानंतर चांगला प्लग कॅपमध्ये घालून त्याचे धातूचे अंग इंजिनाला घट्ट टेकवावे आणि किक मारून ठिणगी पाहावी. प्लगच्या उघड्या भोकाजवळ हे करू नये, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग न टेकवता किक मारल्यास दाबाला वाट न मिळून कॉईलचे आतले इन्सुलेशन फुटू शकते; चांगली कॉईल तपासणीतच मारण्याचा हा हमखास मार्ग आहे.

तरीही शंका उरली, तर जोडण्या सोडवून मल्टीमीटर लावावा. प्राथमिकाचा रोध बहुधा काही ओहम किंवा त्याहून कमी, दुय्यमाचा काही हजार ओहम भरतो; नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. कॅपमध्ये स्वतंत्र रेझिस्टर असू शकतो, तेव्हा दुय्यम मोजताना ती काढलेली बरी. मात्र थंड असताना निर्दोष दिसणारी तार तापल्यावर आतून सुटू शकते. गगनबावड्याच्या वाटेवर तासाभराने बंद पडून टपरीवर चहा होईपर्यंत पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीत हा दोष असण्याची शक्यता असते, म्हणून तिची मोजणी इंजिन तापलेले असतानाच करावी.