लग्नाची फोटोग्राफी: अंतरपाटापासून अल्बमपर्यंत या चुका टाळा

लग्नाच्या ऑर्डरीत फोटो बिघडले की दोष कॅमेऱ्याच्या माथी जातो. नवी बॉडी घेतली, महागडी लेन्स घेतली की प्रश्न सुटेल असं या धंद्यात नव्याने आलेल्या मुलांना वाटतं. पण गेल्या सीझनचा डेटा, म्हणजे काढलेल्या सगळ्या फोटोंच्या फाइली, उघडून हुकलेले फोटो नीट बघा. बहुतेक ठिकाणी फोटोग्राफर चुकीच्या जागी उभा असतो, किंवा पुढे काय होणार हे त्याला माहीत नसतं. विधी माहीत असणं हे आपल्या कामातलं पहिलं तंत्र आहे, ॲपर्चर आणि शटर त्याच्यानंतर. म्हणून या लेखात कॅमेऱ्याइतकंच गुरुजींबद्दल, मामांबद्दल आणि मांडवाच्या कापडाबद्दलही लिहिलं आहे.

मुहूर्ताला चुकीची जागा

शेवटची मंगलाष्टका चालू आहे. फोटोग्राफर स्टेजसमोर मधोमध उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात मोबाइल उंच धरलेल्या करवल्या. अंतरपाट दूर होतो, वाजंत्री सुरू होते, अक्षतांचा मारा होतो, आणि डेटामध्ये येतात ते पाच-सहा मोबाइल नि मामांची पाठ. ही तक्रार मी इतक्या घरांतून ऐकली आहे की मुहूर्ताबद्दल जरा सविस्तरच लिहितो.

उभं राहायचं ते स्टेजवर, अंतरपाटाच्या कडेला. म्हणजे अंतरपाट तुम्हाला समोरून न दिसता उभ्या रेषेसारखा दिसेल. त्याच्या एका अंगाला नवरी, दुसऱ्या अंगाला नवरदेव. दोघांच्या मुंडावळ्या, हातातले हार, नवरीमागे उभे मामा, सगळं एका चौकटीत बसतं. दुसरा कॅमेरा असेल तर तो नवरदेवाच्या खांद्यामागून फक्त नवरीच्या चेहऱ्यावर लावा. अंतरपाट सरकल्यावर ती मान वर करून बघते तो क्षण तिथूनच मिळतो. व्हिडिओवाल्यालाही नेमकी हीच जागा हवी असते, म्हणून त्याच्याशी अर्धा तास आधी बोलून घ्या. मुहूर्ताच्या मिनिटाला स्टेजवर एकमेकांना कोपर मारणारे दोन फोटोग्राफर यजमानांनी बघू नयेत.

गुरुजींशी पाच मिनिटं बोलणं हा तर सगळ्यात स्वस्त उपाय. मंगलाष्टका किती म्हणणार, आत्या-मावशीने रचलेली मध्ये आहे का, शेवटची कुठली, एवढं विचारा. पुष्कळ गुरुजी शेवटाला ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ घेतात. ते शब्द कानावर पडले की बोट शटरवर हवं. हार घालताना आपल्याकडे क्षणभर बघायला सांगाल का, असंही विचारा. आपण विधीला मान देतोय हे दिसलं की बहुतेक गुरुजी मनापासून साथ देतात.

आता सेटिंग. फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवला तर एका फोटोनंतर परत भरायला त्याला दोन-तीन सेकंद लागतात, आणि आपला सगळा मामला तेवढ्याच सेकंदांचा आहे. फ्लॅश १/८ किंवा १/४ वर आणा, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० पर्यंत चढवा, मुहूर्ताआधी सेल बदला. आता सलग फ्रेम मिळतील. ऑटोफोकस हवेतल्या अक्षतांवर किंवा एखाद्या हातावर उडी मारतो, त्यासाठी मेनूमध्ये ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करून ठेवा. आणि एफ १.८ चा मोह इथे आवरा, त्यात एकच अंतर धारदार येतं. दोघं अगदी एका अंतरावर कधीच नसतात. एफ ४ ते ५.६ मध्ये दोन्ही चेहरे धारदार येतात.

एवढं करूनही क्षण हुकला तर? पुन्हा अंतरपाट धरायला लावू नका. लग्न लागलं आहे. ते फोटोसाठी परत लावणं त्या दोघांवर आणि गुरुजींवर अन्याय आहे. लगेच हारांकडे वळा, मग आई-वडिलांच्या चेहऱ्यांकडे. अंतरपाट सरकल्यानंतरच्या मिनिटभरात मुलीच्या वडिलांच्या चेहऱ्यावर जे असतं ते टिपायला मात्र विसरू नका.

आणखी एक. सगळी मराठी लग्नं एकाच क्रमाने होतात हे गृहीत धरणं चूक. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी यांची वेळ घरागणिक आणि गावागणिक बदलते. लाजाहोमाला नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि तिथेच कुठेतरी नवरदेवाचा कान पिळतो. कानपिळी हा दोन सेकंदांचा खेळ आहे, माहीत नसेल तर गेलाच. बौद्ध पद्धतीच्या लग्नात होम, अंतरपाट काहीच नसतं. तिथे त्रिशरण-पंचशील असतं आणि वधू-वर बहुधा शुभ्र कपड्यांत असतात. पांढऱ्याने चौकट भरली की कॅमेऱ्याचं मीटर फसतं आणि फोटो राखाडी, काळपट येतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप वर ठेवा.

मांडवाचा रंग चेहऱ्यावर

लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात भर दुपारी सगळ्यांचे चेहरे केशरी येतात. ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा कुठला हे कॅमेऱ्याने आपणच ठरवणं) दर फोटोला वेगळं ठरवतो आणि एडिटिंगला बसल्यावर एकाच विधीचे चार रंग समोर येतात. मांडवात शिरल्याबरोबर ग्रे कार्डवर, म्हणजे करड्या कार्डाचा फोटो घेऊन, व्हाइट बॅलन्स कायम करा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. हळदीला तर हे हवंच. अंगभर पिवळं दिसलं की ऑटो व्हाइट बॅलन्स तो पिवळा मारायला निघतो आणि नवरी निळसर, आजारी दिसू लागते.

कार्यालयात फ्लॅश छतावर मारायची सवय असते. छताला गुलाबी झालर लावली असेल तर उजेड गुलाबीच परत येणार. आधी मान वर करून छत बघा.

स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की बराचसा त्रास संपतो, आणि व्हिडिओ २५ फ्रेमवर, १/५० शटरने घ्यावा. एलईडी वॉलचं गणित याहून वेगळं असतं, म्हणून तिथे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा, दोन-तीन शटर स्पीड आधी तपासून बघा. डेकोरेशनवाल्यांना विनंती करा की विधी चालू असताना वॉलवर पळती चित्रं न ठेवता एकच स्थिर, मंद चित्र ठेवा. नाहीतर नवरदेवाच्या गालावर हिरवा आणि कपाळावर जांभळा उजेड येतो आणि तो एडिटिंगला पुरता निघत नाही. वरातीत डीजेचे लेझर असतील तर लेन्स त्यांच्या दिशेने धरूच नका. थेट लेझर पडला तर सेन्सरचे पिक्सेल जळतात.

होमाच्या धुरात समोरून फ्लॅश मारला की पांढरा पडदा येतो. तिथे बाजूचा उजेड घ्या, आणि खाली बसा. होम, सप्तपदी, सूनमुख हे सगळे बसून काढायचे फोटो आहेत.

अलिबागला किंवा गोव्यात समुद्रकाठच्या लग्नाला वेगळीच अडचण येते. एसी खोलीतून बाहेर आलं की लेन्सवर दव धरतं. पुसून उपयोग नाही, लगेच परत येतं. कॅमेऱ्याची बॅग विधीच्या अर्धा तास आधी बंद ठेवूनच बाहेर आणा आणि तिला बाहेरच्या हवेशी जुळू द्या.

गोरं करायची खोड

हे मी कळकळीने लिहितोय. सावळ्या मुलीला एडिटिंगमध्ये गोरी करणं ही चूकच आहे, आणि ती आपल्या धंद्यात सर्रास चालते. काही घरांतून मागणीही येते. पण दहा वर्षांनी तिची मुलगी अल्बम उघडेल तेव्हा तिला आई ओळखू आली पाहिजे. सावळा रंग उजळ करायचा नसतो, त्याला नीट उजेड द्यायचा असतो. मोठा सॉफ्टबॉक्स, थोडा बाजूने, आणि एक्स्पोजर दागिन्यांवर न मोजता चेहऱ्यावर मोजलेलं. शालूची जर आणि सोनं थोडं चमकलं तर चालेल, रॉमधून सावरता येतं. मागणी आलीच तर यजमानांना एक फोटो दोन्ही पद्धतींनी दाखवा. शेजारी ठेवल्यावर बहुतेक जण खराच निवडतात.

दोघांसाठी वेळच न मागणं

लग्नाच्या दिवसाचं वेळापत्रक मिनिटागणिक भरलेलं असतं आणि त्यात वधू-वरांच्या फोटोंना जागा नसते. मुहूर्त संपतो, स्टेजवर भेटायला रांग लागते, दोघं दोन तास उभे. मग जेवणं, मग पाठवणी. शेवटी फोटोग्राफर दमलेल्या जोडप्याला कोपऱ्यात नेऊन घाईघाईने हसायला लावतो. बुकिंगच्या वेळीच वीस मिनिटं मागून घ्या. शक्य तर मुहूर्ताआधी, नवरी तयार झाल्या झाल्या.

एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा ते तीन उघड्यावर फोटो काढू नका, डोळ्यांखाली काळे खड्डे येतात. कार्यालयाचा व्हरांडा किंवा खोलीची मोठी खिडकी पुरते. ठरवून झालेल्या लग्नातली मुलं-मुली पुष्कळदा एकमेकांना अजून बुजत असतात. आजी-आजोबांसमोर त्यांना सिनेमातल्या पोझ देऊ नका. काहीतरी करायला सांगा: तिने त्याची मुंडावळी सारखी करावी, त्याने तिला उखाणा ऐकवावा. उखाणा चालू असताना कॅमेरा ऐकणाऱ्यावर ठेवा, फोटो तिथे असतो. चष्म्यावर लाइट चमकत असेल तर लाइटचा स्टँड उंच करा आणि चष्म्याची दांडी कानावर जराशी वर उचला, काच खाली झुकते आणि चमक जाते.

कुटुंबाच्या फोटोंची यादी दोन्ही घरांकडून आधी लेखी घ्या आणि माणसं गोळा करायला घरातलाच एक खणखणीत आवाजाचा काका नेमा. म्हातारी माणसं पहिली, त्यांना ताटकळत ठेवू नये. आणि यादी करताना हळूच विचारा की कोणी एकट्या आहेत का. नवरदेवाची विधवा आई अजूनही काही घरांत स्वतःहून मागे, खांबाआड उभी राहते. तिला पुढे बोलवायला फोटोग्राफरचा एक शब्द पुरतो: ‘काकू, तुमच्याशिवाय हा फोटो घेत नाही मी.’ आपल्याला कोणी अडवत नाही, उलट सगळ्यांना बरं वाटतं.

मुंज, बारसं, सहस्रचंद्रदर्शन अशा ऑर्डरी हलक्यात घेतल्या जातात. मुंजीत मातृभोजन आणि भिक्षावळ, बारशाला आत्या कानात नाव सांगते ती वेळ, एवढं चुकलं तर बाकीचे शंभर फोटो यजमानांना नकोच असतात.

कार्ड आणि डेटा

कॅमेऱ्याला मेमरी कार्डाचे दोन स्लॉट असतील तर दुसरा जादा जागेसाठी वापरू नका. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिलं जाऊ द्या. एकच स्लॉट असेल तर मोठ्या कार्डाऐवजी ६४ जीबीची कार्डं घ्या आणि मुहूर्तानंतर बदला. कॅमेऱ्यात एरर आली तर तिथेच थांबा. फॉरमॅट करू नका, पुढचा एकही फोटो त्यावर काढू नका. कार्ड काढून चिठ्ठी लावून वेगळं ठेवा. वर नवं काही लिहिलं गेलं नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बराच डेटा परत मिळतो. घरी आल्यावर दोन डिस्कवर कॉपी आणि तिसरी कॉपी दुसऱ्या ठिकाणी, मगच कार्ड मोकळं करायचं. सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळी जुळवा, नाहीतर सिलेक्शनमध्ये, म्हणजे अल्बमसाठी फोटो निवडताना, वरात मुहूर्ताच्या आधी येते.

ड्रोन आणि गड

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर नोंदणी क्रमांक आणि रिमोट पायलट सर्टिफिकेट दोन्ही लागतं. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन पोर्टलच्या नकाशावर जागा लाल, पिवळी की हिरवी हे ऑर्डर घेण्याआधी बघा. लोहगाव किंवा सांताक्रूझ विमानतळाच्या आसपासच्या कार्यालयांना ड्रोनचं आश्वासन देऊच नका.

प्री-वेडिंगसाठी रायगड, शनिवारवाडा मागितला जातो. ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत; परवानगीशिवाय लाइट आणि स्टँड घेऊन जाऊ नका. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड यांच्यासह १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आहेत. तिथे कपडे बदलायचे, धुराच्या नळकांड्या फोडायच्या हे शोभत नाही.

तोंडी व्यवहार

कॉपीराइट फोटोग्राफरचा असतो असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं: कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले असतील आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्क त्या काढून घेणाऱ्याचा. म्हणून इन्स्टाग्रामवर टाकायचे तर लेखी संमती घ्या, आणि ती नवरा-नवरी दोघांची. नवरी तयार होतानाचे फोटो संमती असली तरी आधी तिला दाखवूनच टाकावेत.

करारात तास, माणसं, कार्यक्रम, अल्बमच्या १२ बाय ३६ इंची किती शीट, डिझाइनमध्ये किती वेळा बदल, तारीख पुढे गेली तर ॲडव्हान्सचं काय, हे सगळं असू द्या. पैशांचा शेवटचा हप्ता अल्बमवर ठेवू नका, विधी झाल्यावर डेटा देताना घ्या. कारण सिलेक्शन महिनोन्‌महिने अडकतं: मुलगी सासरी, मुलगा परगावी, दोन्ही घरांत एकमत नाही. पंचेचाळीस दिवसांची मुदत लिहा, आणि मुदत संपल्यावर निवड आम्ही करू असंही लिहा. मुदत संपायच्या आठवडाभर आधी नवरीच्या आईला फोन करा. बहुतेक ठिकाणी यादी त्याच पुरी करतात.