राउंडअबाउट जमत नाही? मिल्टन कीन्समधल्या शिकवणीतून थोडं

माझ्या गाडीच्या काचेवर हिरवा अष्टकोनी बिल्ला आहे. म्हणजे पैसे घेऊन ड्रायव्हिंग शिकवायची इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, सरकारची परवानगी. येणाऱ्यांत मराठी माणसं भरपूर. पुण्या-नाशकात दहा-बारा वर्षं गाडी मारलेली, आणि इथे भारतीय लायसन्सवर चालवायला मिळतं ते एक वर्ष सरत आलं की फोन करणारी. "ताई, गाडी येते हो, फक्त ते गोल जमत नाहीत."

आता मिल्टन कीन्समध्ये ते गोल, म्हणजे वळसा घालून जायचे राउंडअबाउट, सव्वाशेच्या वर. उभे-आडवे मोठे रस्ते साधारण किलोमीटर-किलोमीटरवर एकमेकांना छेदतात आणि बहुतेक ठिकाणी मध्ये राउंडअबाउट. टाळायचे म्हटले तर दूध आणायलासुद्धा पायी जावं लागेल.

तेव्हा आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: जो आत आहे, रस्ता त्याचा. तुम्ही बाहेर आहात तर उजवीकडून येणाऱ्याला जाऊ द्यायचं. ब्रिटनमध्ये हा नियम नोव्हेंबर १९६६ मध्ये लागू झाला. त्याआधी इथलीही सर्कलं तुंबायची. बाहेरचे घुसत राहिले की आतल्यांना बाहेर पडता येत नाही, आतले अडकले की बाहेरच्यांना जागा होत नाही, झालं! आपल्याकडेही आतल्याला आधी जाऊ द्यायचं असंच नियमात आहे. रस्त्यावर मात्र ज्याने आधी नाक घातलं त्याचा रस्ता. मग मध्ये कारंजं लावा नाहीतर पुतळा बसवा, चौक तुंबणारच.

लाल काठाच्या त्रिकोणात गोल फिरणारे तीन बाण दिसले की तयारीला लागा. आरसा बघा, ब्रेकने वेग उतरवा, मग दुसरा गिअर. हे सगळं रेषेच्या बऱ्याच आधी. रेषेवर पोचून गिअर शोधत बसलात तर डोळे उजवीकडे राहत नाहीत. आणि ती रेषा तुटक आहे, म्हणजे रस्ता द्यायचाय. दर वेळी थांबायलाच पाहिजे असं नाही. एक दादा होते, उजवीकडे चिटपाखरू नाही तरी दर वेळी गाडी पार उभी करायचे. का, तर "एकदा बघून घेतो ना." मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्न दिला आणि गडबडीत क्लच सुटून गाडी बंद पडली. विनाकारण थबकलात तर परीक्षेतही चूक धरतात.

बघायचं काय? उजवीकडून येणाऱ्या गाडीचं पुढचं चाक. इंडिकेटर द्यायला लोक विसरतात, बंदही करायला विसरतात, पण चाक बाहेरच्या रस्त्याकडे वळू लागलं की गाडी खरंच बाहेर पडतेय. रस्ता पूर्ण मोकळा व्हायची वाट बघू नका, फट बघा. मात्र निघताना एकदा समोर बघाच. तुमच्या पुढचा निघाला असं वाटतं आणि तो बिचारा अजून तिथेच असतो. माझ्या मते इथल्या निम्म्या ठोकाठोकी अशाच होतात.

लेनसाठी घड्याळ डोळ्यांपुढे आणा. तुम्ही सहावर उभे आहात. बाराच्या आधीचा किंवा बारावरचा रस्ता हवा असेल तर डावी लेन, बाराच्या पुढचा असेल तर उजवी. पाटीवर किंवा रस्त्यावरच्या बाणांत वेगळं असेल तर घड्याळ विसरा, बाण पाळा. डावीकडे जायचं तर आधीपासून डावा इंडिकेटर. सरळ जाताना शिरायच्या आधी काहीच नाही. उजवीकडे जाताना उजवा. आणि बाहेर पडताना सगळ्यांनी, आपल्या आधीचा रस्ता मागे पडला की लगेच डावा. हा शेवटचा डावा लोक खातात आणि पुढच्या रस्त्यावरचा माणूस उगाच तिष्ठत राहतो.

एक खास आपल्या लोकांची खोड: आत गेल्यावर कोणाची दया येऊन थांबणं. वहिनी हात करून समोरच्याला "या, या" म्हणतात! आत थांबायचं नाही. मागच्याला ते अपेक्षितच नसतं.

एवढी यातायात कशासाठी, असं विचारतात. सिग्नलच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना भिडू शकतात, एकेरी लेनच्या गोलात फक्त ८ ठिकाणी. समोरासमोर धडक किंवा कुशीत घुसलेली गाडी, हे प्रकार जवळपास संपतात, कारण सगळे एकाच दिशेने फिरतात. शिवाय शिरतानाचा रस्ता मुद्दाम वाकवलेला असतो, सुसाट जाताच येत नाही. अमेरिकेच्या महामार्ग खात्याच्या हिशेबात सिग्नलच्या जागी राउंडअबाउट केल्यावर माणसं मरण्या-जखमी होण्याचे अपघात ७८ टक्क्यांनी घटतात. मला स्वतःला आवडतं ते निराळंच: रात्री अकराला रिकाम्या चौकात लाल दिव्यापुढे ताटकळायचं नाही, आणि वीज गेली तरी चौक चालू.

सगळं गोडच आहे असं मात्र नाही. एकाच रस्त्याने गाड्यांचा लोंढा आला की पुढच्या रस्त्यावरच्यांना फटच मिळत नाही. म्हणून काही मोठ्या राउंडअबाउटवर शेवटी सिग्नल लावलेत. सायकलवाल्यांना आणि ज्यांना दिसत नाही त्यांना हे गोल त्रासाचेच. इथे चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी रेडवे नावाचे वेगळे रस्ते आहेत, बऱ्याच ठिकाणी मोठ्या रस्त्याखालून जाणारे, म्हणून निभावतं. ती सोय नसलेल्या गावात नुसता गोल उचलून नेला तर पादचारी शिव्या घालतील.

मिनी राउंडअबाउट म्हणजे रस्त्यावर रंगवलेला पांढरा ठिपका. ठिपक्यावरून सरळ गाडी नेली तर परीक्षक लिहून घेतो. वळसा घालायचा, त्यातून सूट फक्त लांबलचक वाहनांना. ही मिनी भानगड रूढ केली फ्रँक ब्लॅकमोर या इंजिनिअरने. त्यानेच १९७२ मध्ये स्विंडनला पाच मिनी गोल एका मोठ्या गोलाभोवती बसवले, आणि मधल्या गोलात गाड्या उलट्या दिशेने फिरतात. चित्र बघून घाबरायला होतं. प्रत्यक्षात दर रेषेवर तेच करायचं, उजवीकडे बघायचं.

सरावाला रविवारी सकाळी निघा. एकच राउंडअबाउट धरा, आधी डावीकडचा रस्ता घ्या, मग सरळचा, मग उजवीकडचा, मग पूर्ण फेरी मारून आलात त्याच रस्त्याने परत. आपला रस्ता चुकला तर लेन तोडून गाडी घुसवू नका. उजव्या लेनमध्ये असाल तर आणखी एक फेरी मारा, डावीत असाल तर समोर येईल तो रस्ता घ्या. पुढच्या किलोमीटरवर दुसरा गोल आहेच, तिथून वळून या.