जुना ट्रक ऑइल खातो? इंजिन उघडण्यापूर्वी या चुका टाळा

जुना ट्रक ऑइल खाऊ लागला की मालकाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘हाफ इंजिन’. हेड उतरवायचे, लायनर (सिलिंडरच्या आतली नळी), पिस्टन आणि रिंगा नव्या टाकायच्या आणि मोकळे व्हायचे. टाटाच्या ६९७ सारख्या सहा सिलिंडरच्या, ९७ मिलिमीटर बोअरच्या (म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) इंजिनाचे सुटे भाग कुठेही मिळतात आणि ते बांधणारे मिस्त्रीही तालुक्याच्या गावी असतात, त्यामुळे ही घाई आणखीच वाढते. ऑइल नेमके कोणत्या वाटेने जाते ते न शोधता इंजिन उघडण्याइतकी महागडी चूक दुसरी नाही, आणि नेमकी तीच सर्रास होते.

‘ऑइल फार पितोय’ हे मोजमाप नव्हे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून ऑइल खाली उतरेपर्यंत किमान पंधरा मिनिटे थांबावे, ऑइलची पातळी पाहायच्या दांडीच्या वरच्या खुणेपर्यंत भरावे आणि पुढे किती किलोमीटरला किती लिटर टाकले ते वहीत लिहावे. खुणेच्या वर भरण्याची सवय अनेक चालकांना असते. जास्तीचे ऑइल क्रँकच्या माऱ्याने उडून ब्रिदरवाटे, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे, बाहेर पडते आणि मग ‘खपत वाढली’ अशी तक्रार येते. मोजण्याआधी इंजिन धुऊन घ्यावे, म्हणजे टॅपेट कव्हर, चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे) पॅकिंग किंवा फ्लायव्हीलकडचे क्रँक सील गळत असेल तर ते लपणार नाही.

आता हमखास विसरला जाणारा भाग, म्हणजे एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर. या गाड्यांत त्याचे वेगळे ऑइल नसते. इंजिनाचेच ऑइल दाबाने त्याच्याकडे जाते आणि परत चेंबरमध्ये उतरते. कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या की ते ऑइल हवेबरोबर टाकीत जाऊन साठते. दांडीवरची पातळी उतरत राहते, सायलेन्सरमधून मात्र निळा धूर दिसत नाही.

उसाच्या वाहतुकीतला एक ट्रक कराडकडून माझ्याकडे आला होता. दुसरीकडे त्याचे हाफ इंजिन होऊन फारसे दिवस झाले नव्हते. मालक वैतागून म्हणाले, “नवीन लायनर टाकले, तरी तेवढंच पितंय. आता क्रँक काढा म्हणतायत.” गाडीला रेस दिली तर धूर स्वच्छ होता. मी बॉनेटला हात न लावता खाली वाकून एअर टाकीचा कॉक उघडला, तर हवेच्या फवाऱ्याबरोबर काळे, चिकट ऑइल आणि पाणी फरशीवर पसरले. कॉम्प्रेसरचा डिलिव्हरी पाइप काढला तेव्हा आत कार्बनचा इतका जाड थर होता की पेन्सिलही आत जाईना. कॉम्प्रेसर उघडून रिंगा आणि व्हॉल्व्ह बदलले, पाइप नवा घातला, टाक्या साफ केल्या, ब्रेकच्या व्हॉल्व्हमधील रबरे तपासली, आणि खपत थांबली. लायनर-पिस्टनवर घातलेले पैसे मात्र वाया गेले. यातली रबरांची गोष्ट कोणीही हलक्यात घेऊ नये, कारण ऑइलने फुगलेली रबरे घेऊन भरलेली गाडी खंबाटकीचा उतार उतरू लागली की प्रश्न ऑइलच्या खर्चापुरता राहत नाही. म्हणून टाकीचा कॉक उघडून पाहणे हे माझे पहिले काम असते, बाकी सारे त्यानंतर.

धूर पाहतानाही गफलत होते. थंड इंजिनाचा डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर हा बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो, तेव्हा नोझल आणि पंपाचे टायमिंग पाहावे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करताच निळा धूर येऊन थोड्या वेळात थांबत असेल, तर व्हॉल्व्ह गाइड आणि सील यांचा संशय घ्यावा. भाराखाली सतत येत असेल, तर रिंगांचा.

टर्बोत ऑइल दिसले म्हणून लगेच टर्बो बदलू नये. आधी एअर फिल्टर, ब्रिदर आणि टर्बोचा ऑइल परतीचा पाइप मोकळा आहे का ते पाहावे.

रिंगाच झिजल्या आहेत असे ठरले, तरी त्या का झिजल्या हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि मला सर्वांत जास्त चीड येते ती याचीच. खडी क्रशरवर चालणाऱ्या गाडीच्या रिंगा लवकर जातात त्या बहुतेक वेळा धुळीने. एअर क्लीनर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला रबरी होज चिरला असेल किंवा त्याची क्लिप सैल असेल, तर फिल्टर कितीही नवा असला तरी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. होज काढून पाइपात बोट फिरवावे. बोटाला कोरडी धूळ लागली तर कारण सापडले. ते दूर न करता बसवलेल्या नव्या रिंगा त्याच वाटेने जाणार. लायनर तसाच ठेवून फक्त रिंगा बदलण्याची काटकसरही मला मान्य नाही. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, तेही दोन दिशांनी मोजल्याशिवाय लायनर चांगला आहे असे म्हणूच नये. आरशासारख्या गुळगुळीत झालेल्या लायनरवर नव्या रिंगा बसत नाहीत. होनिंग, म्हणजे दगडाने घासून बारीक रेघा पाडणे, करावे लागते, आणि त्यानंतर बोअर गरम साबणाच्या पाण्याने ब्रशने घासून धुवावा लागतो. नुसते डिझेल मारून होनिंगची बारीक कुरुंद निघत नाही, आणि ती राहिली की नव्या रिंगांना तीच खाते.

घट्ट ऑइल किंवा बाटलीतले औषध टाकून धूर कमी झाला, तरी झीज भरून निघत नाही. उलट, धूर असूनही पातळी उतरत नसेल तर ऑइल बोटांवर चोळून त्याचा वास घ्यावा. पंपातून डिझेल चेंबरमध्ये उतरत असेल तर ऑइल पातळ होते आणि खपत झाकली जाते.

इंजिन बांधून झाल्यावर गाडी तासन्‌तास आयडलिंगवर ठेवण्याची पद्धत आहे, तीही सोडावी. रिंगा लायनरला घासून बसायला त्यांच्यामागे गॅसचा दाब लागतो आणि तो भाराखालीच मिळतो. मध्यम भार घेऊन, रेस कमी-जास्त करत गाडी चालवावी, पहिले ऑइल आणि फिल्टर लवकर बदलावेत आणि वहीतली नोंद त्या दिवसापासून नव्याने सुरू करावी.