दाढ काढल्यानंतरचे पहिले काही दिवस

दाढ काढून दवाखान्यातून निघताना रुग्णाच्या हाती औषधांची चिठ्ठी असते आणि दातांखाली कापसाचा बोळा. परंतु जखम भरून आणणारी खरी गोष्ट त्या बोळ्याखालच्या खड्ड्यात साकळत असते. रक्ताची ही गुठळी उघड्या हाडावर झाकणासारखी बसते आणि तिच्याच आधाराने पुढे जागा भरून येते. ती निसटू न देणे, एवढ्यासाठीच घरची बहुतेक पथ्ये असतात.

बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावा; रक्त थांबले का, हे पाहण्यासाठी तो सारखा काढू नये. पहिले २४ तास थुंकू नये, लाळ गिळावी, आणि ती किंचित गुलाबी दिसली तरी घाबरू नये. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची व सकाळी खाकरण्याची सवय आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते, की हेच पथ्य सर्वाधिक मोडले जाते. नळीने ओढून पिणेही टाळावे. शहाळ्याचे पाणी घ्यायचे तर ते पेल्यात ओतून घ्यावे.

भूल उतरेपर्यंत काही खाऊ नये, कारण बधिर ओठ किंवा गाल चावला गेल्याचे कळत नाही; लहान मुलांवर तर लक्षच ठेवावे लागते. नंतर गुरगुट्या भात, मुगाचे पातळ वरण, दही, केळे असे मऊ पदार्थ गार किंवा कोमट करून दुसऱ्या बाजूने खावेत. चिवडा, तीळ, दाण्याची चटणी यांचे कण खड्ड्यात अडकतात. गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पहिल्या दिवशी मधूनमधून १०-१५ मिनिटे धरावा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि मग ओसरू लागते. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी सांगितलेलीच घ्यावी. मनाने ॲस्पिरिन घेऊ नये, मात्र हृदयविकारासाठी ती आधीपासून चालू असल्यास परस्पर बंदही करू नये.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, ते तोंडात फक्त हलकेच फिरवून सोडून द्यावे. खड्ड्यात लवंगेचे तेल, हळद किंवा तुरटी भरण्याचा सल्ला घरोघरी मिळतो. तो आदराने ऐकून सोडून द्यावा.

तंबाखू, मिश्री व विडी-सिगारेट जखम भरेपर्यंत पूर्ण वर्ज्य समजावी. गुठळी निसटली, तर साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान, कमी होत आलेली वेदना पुन्हा उसळते, कानापर्यंत ठणका जातो व तोंडाला दुर्गंधी येते. या अवस्थेला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात आणि तिच्यावर उपचार दंतवैद्यानेच करायचे असतात. नवा बोळा अर्धा तास घट्ट दाबूनही रक्त वाहत राहिले, ताप आला किंवा तोंड उघडेनासे झाले, तर त्याच दिवशी त्यांच्याकडे जावे. गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर थेट रुग्णालय गाठावे.

टाके घातले असतील, तर ते आपोआप विरघळणारे आहेत की आठवड्याभराने काढायचे आहेत, हे मात्र खुर्चीवरून उठण्यापूर्वीच विचारून घ्यावे.