घरच्या आर्केड कॅबिनेटचा आराखडा: आधी खेळ, मग हात, लाकूड सर्वांत शेवटी

घरी पार्लरसारखं उभं व्हिडिओ गेम मशीन, म्हणजेच आर्केड कॅबिनेट, बनवायचं असेल तर आराखड्याच्या कागदावर सगळ्यात आधी खेळांची नावं लिहा. आठ-दहा पुरेत, पण घरात ज्यांना ज्यांना खेळायचं आहे त्यांना विचारून लिहा. बटणं किती, स्क्रीन आडवी की उभी, एका वेळी उभे किती जण राहणार, हे सगळं त्या यादीतून ठरतं. लाकडाची मापं त्यानंतरची.

‘पॅक-मॅन’ला (१९८०) खेळताना एकही बटण लागत नाही. चार दिशांची जॉयस्टिक असली की झालं, पण त्याची स्क्रीन उभी आहे. ‘स्ट्रीट फायटर २’ला (१९९१) आठ दिशांची जॉयस्टिक आणि प्रत्येक खेळाडूला सहा बटणं हवीत, स्क्रीन आडवी. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणत, तो कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ (१९९३) दोन बटणांवर चालतो, पण तिघं एकत्र खेळू शकतात. तिघांना शेजारी उभं करायचं तर पॅनेल, म्हणजे बटणं आणि जॉयस्टिक बसवायचा पुढचा भाग, इतकं रुंद होतं की मशीन कोणत्या भिंतीला लावायचं इथपासून विचार बदलावा लागतो. माझ्या मते घरासाठी दोन खेळाडू आणि प्रत्येकी सहा बटणं हाच उत्तम हिशोब. तिसऱ्यासाठी पुढच्या बाजूला यूएसबीचं एक तोंड काढून ठेवा, तिथे गेमपॅड जोडता येतो.

जॉयस्टिक निवडताना गेट (दांड्याला ठरावीक दिशांतच फिरू देणारी खालची चकती) बदलून चार किंवा आठ दिशा करता येतील अशीच घ्या. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर ‘पॅक-मॅन’ खेळताना हात जरा तिरका गेला की वळण हुकतं.

पॅनेल पुठ्ठ्यावर उतरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मशीन दिसायला कितीही देखणं झालं तरी मनगट दुखलं तर त्याच्याकडे कुणी फिरकणार नाही.

जाड पुठ्ठा घ्या. जपानी पद्धतीच्या बटणांना ३० मिमीचं भोक लागतं, अमेरिकन पद्धतीच्या बटणांना साधारण २८ मिमीचं. शेजारच्या दोन बटणांच्या मध्यबिंदूंत ३६ मिमीच्या आसपास अंतर धरा. बटणांची ओळ सरळ रेषेत मारू नका. पुठ्ठ्यावर हात सैल टेकवा, बोटांची टोकं जिथे पडतात तिथे खुणा करा आणि त्या वळणानेच भोकं आखा. मग ती कापून खरी बटणं आणि जॉयस्टिक बसवा, पुठ्ठा जमिनीपासून ९५ ते १०० सेंमी उंचीवर ठेवा आणि दोघांनी शेजारी उभं राहून पाहा. कोपराला कोपर लागत असेल तर रुंदी वाढवा. उंची मोठ्यांच्या हिशोबाने ठेवा. मुलांच्या पायाखाली पाट देता येतो.

याच टप्प्यावर पॅनेलची जाडी ठरवा. दाबून बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, १८ मिमीच्या प्लायमध्ये ती धरत नाहीत. त्यासाठी मागून चकती आवळायची, आट्यांची बटणं लागतात, आणि त्यांचे आटेही तेवढी जाडी पार करतात का ते मोजूनच घ्यावं. जॉयस्टिकचा दांडाही जाड प्लायमधून जेमतेमच वर येतो. म्हणून एक तर खालून राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) प्लाय कोरून पातळ करायचा, नाही तर वर धातूचा पत्रा घेऊन त्यालाच सगळं बसवायचं. जे ठरेल ते आराखड्यात लिहा. पुढची कडा गोल करायची हेही लिहा, मनगट तिथेच टेकतं.

स्क्रीन

जुने खेळ ४:३ प्रमाणाचे. २४ इंची रुंद मॉनिटरवर असा आडवा खेळ लावला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि चित्र साधारण साडेएकोणीस इंची उरतं. तेवढं पुरेसं आहे. उभा खेळ मात्र त्याच मॉनिटरवर १५ इंचांच्याही आत जातो. यादीत उभे खेळ जास्त असतील तर मॉनिटर उभाच बसवा आणि आयपीएस प्रकारच्या स्क्रीनचा घ्या, तिचे रंग बाजूनेही नीट दिसतात. टीएन या स्वस्त प्रकारची स्क्रीन उभी केली की बाजूने पाहणाऱ्याला रंग फिके दिसतात. जुन्या बाजारात मिळणारा १९ इंची, ५:४ चा चौकोनी मॉनिटरही या कामाला छान.

आता लाकूड

प्लायचा ८ बाय ४ चा ताव म्हणजे ९६ बाय ४८ इंच. बाजूची फळी ६६ इंच उंच आणि साडेतेवीस इंच खोल ठेवली, तर दोन्ही फळ्या एकाच तावातून निघतात, कर्वतीच्या पात्याला जागाही राहते. खोली पूर्ण २४ धरली तर पात्याने खाल्लेलं लाकूड भरून निघत नाही आणि दुसरा ताव फाडावा लागतो.

सनमायका विसरू नका. १ मिमीचा पत्रा दोन्ही बाजूंना लावला की १८ मिमीची फळी २० मिमीची होते. बाहेरची रुंदी ६६० मिमी असेल तर आतल्या आडव्या फळ्या ६२० मिमीच्या कापायच्या. सुतार इंच आणि सुतात मोजतो, बटणं आणि मॉनिटर मिलिमीटरमध्ये येतात. संपूर्ण आराखडा मिलिमीटरमध्येच काढा आणि काम देताना तसं सांगा.

मशीन ज्या खोलीत जायचं तिथपर्यंतचा प्रत्येक दरवाजा चौकटीच्या आतून मोजा, लिफ्टही मोजा. पॅनेल पुढे येत असेल तर ते बोल्टवर सुटं ठेवा. मागे बिजागरीचं दार, खाली हवा आत यायला आणि वर बाहेर जायला भोकं, आतल्या बाजूला एक्स्टेन्शन बोर्डाची जागा. वर नावाची उजळ पट्टी हवी असेल तर ३ मिमीचं दुधी अ‍ॅक्रिलिक आणि मागे एलईडी पट्टी.

आतल्या संगणकाची चिंता नको. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) किंवा घरातला जुना पीसी पुरतो. खेळ मात्र अधिकृत संग्रहांतून घ्या, जुने झाले तरी त्यांवर हक्क आहेत.

खरेदीचा क्रमही आराखड्यातच लिहा: बटणं आणि जॉयस्टिक आधी, मग मॉनिटर. दोन्ही हातात आल्यावर प्रत्येक माप पट्टीने पुन्हा घ्या, कागदावरचे आकडे दुरुस्त करा आणि त्यानंतरच कटिंगची यादी प्लायच्या दुकानात द्या.