कॅलेंड्युला उगवतच नाही म्हणता? आधी या चुका टाळा

गणपती जवळ आले की मला ठरलेला फोन येतो. "कॅलेंड्युलाचं बी टाकून पंधरा दिवस झाले, एकही कोंब नाही. बी खराब निघालं वाटतं." मी विचारते, कधी टाकलंत? "झेंडूबरोबरच." झालं, पुढचं ऐकायची गरजच उरत नाही.

कॅलेंड्युला म्हणजे झेंडू नव्हे. इंग्रजीत त्यालाही मेरीगोल्ड म्हणतात, म्हणून हा घोळ. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. दसऱ्याच्या फुलांसाठी तो जून-जुलैत लावतात आणि आपला पाऊस तो निमूट सोसतो. कॅलेंड्युला भूमध्य समुद्राकडचा, म्हणजे जिथे पाऊस हिवाळ्यात पडतो तिथला. माती 15 ते 25 अंशांवर असली की बी आठ-दहा दिवसांत वर येतं. उकाड्यात ते एकतर झोपून राहतं, नाहीतर कुजतं. बी हातात घेतलं तरी फरक कळतो. झेंडूचं बी काळ्या सुईला फिकट शेपूट लावल्यासारखं, कॅलेंड्युलाचं कापलेल्या नखासारखं वाकडं आणि खडबडीत. एकाच फुलात काही बिया होडीसारख्या, काही सुरवंटागत वळलेल्या निघतात. त्यातल्या वेड्यावाकड्या निवडून फेकू नका, सगळ्या चांगल्याच असतात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पहिल्या वर्षी मीही जूनमध्येच पेरलं होतं. वीस दिवस ट्रेकडे डोळे लावून बसले आणि मग तणतणत बियांच्या दुकानात गेले. दुकानदाराने एक शब्द न बोलता दुसरं पाकीट हातावर ठेवलं. तेही जुलैत मातीत गेलं. पुन्हा शून्य. वैतागून दोन्ही ट्रेची माती गच्चीवर वाळवली, गोणीत भरली आणि गोणी जिन्याखाली ढकलली. नोव्हेंबरात सासूबाईंनी तीच माती कुंडीत घेऊन मेथी टाकली. मेथी चार दिवसांत वर आली. आठवड्याभराने तिच्यात लांबट, फिकट हिरव्या पानांचं काहीतरी दिसायला लागलं. "ही कसली गं मेथी?" म्हणत त्यांनी निम्मी रोपं उपटलीही. उरलेल्या चारांना जानेवारीत केशरी फुलं आली. दुकानदाराची माफी मागायला गेले, तर तो म्हणाला, "दरवर्षी दहाजण भांडून जातात, ताई."

तेव्हापासून माझा नियम साधा. पहाटे पंखा बंद करावासा वाटायला लागला की बी टाकायचं. आमच्या पुण्यात हे साधारण ऑक्टोबरअखेर होतं. दसऱ्यानंतरच्या त्या भाजणाऱ्या उन्हात घाई करू नये. मुंबई-कोकणात नोव्हेंबर अर्धा उलटू द्या. बी फ्रिजमध्ये ठेवून ऑगस्टमध्ये पेरायच्या युक्त्या मला सांगू नका. थंडी आली समजून बी कदाचित फसेल, पण त्यानंतर येणारा ऑक्टोबरचा उकाडा फसत नाही.

दुसरी चूक म्हणजे बी वरच भुरभुरणं. त्याला अंधार लागतो, सेंटिमीटरभर मातीखाली झाका.

आणि झाकलं की उकरून बघू नका! टिश्यूपेपरमध्ये मोड आणून मग लावणारेही याच जातीचे. कोवळं मूळ कागदाला चिकटतं, उचलताना तुटतं आणि वाचवलेले दोन दिवस असे जातात.

तिसरी चूक, पाणी. यावर मी भांडायला तयार आहे. रोप दोन पानांवर असताना लोक सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन उभे राहतात. एका सकाळी रोप मातीलगत, दोरा आवळल्यासारखं बारीक होऊन आडवं पडलेलं दिसतं. ही बुरशी. एकदा रोप कोलमडलं की वाचत नाही, आणि ट्रेमधली शेजारची रोपंही जातात. बुरशीनाशक शोधत धावण्याआधी हात आवरा. मी निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि निम्मं जुनं, चाळलेलं गांडूळखत घेते. ट्रे उचलून बघते आणि हलका लागला तरच पाणी देते, तेही ट्रे परातीत ठेवून, खालून, आणि सकाळीच. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर साचून राहतं. ट्रेला पहिल्या दिवसापासून ऊन हवं. खिडकीत ठेवलेली रोपं उंच, पांढुरकी होतात आणि मग लोक त्यांना खत घालतात!

खतावरून आठवलं. युरिया घातला तर पानांची भाजी होईल इतकी पानं येतील, फुलं नाहीत.

रोपाला सहा-सात पानं आली की शेंडा खुडा. दहा इंची कुंडीत एकच रोप लावा. तीन दाटीवाटीने लावलीत तर हवा खेळत नाही आणि पानांवर भुरी, म्हणजे पांढरी, पिठासारखी बुरशी येते. साधारण दोन महिन्यांत फुलं लागतात. इथे पुढची चूक होते. "इतकी सुंदर आहेत, तोडवत नाहीत." तोडा! फूल झाडावरच सुकून बी धरू लागलं की झाड नव्या कळ्या कमी करतं. मी दर दोन दिवसांनी चहाचा कप घेऊन जाते आणि कोमेजायला लागलेली फुलं देठासकट खुडते.

मार्चमध्ये फुलं लहान होतात, शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, चिकटतो. सावलीसाठी हिरवी जाळी बांधून आणि फवारे मारून मे महिना गाठायचा अट्टहास कशाला? शेवटची चार-पाच फुलं झाडावरच तपकिरी होऊ द्या, बी काढून सावलीत वाळवा, कागदी पाकिटात भरा आणि झाड कंपोस्टमध्ये टाका. पाकिटावर नाव आणि महिना लिहायला विसरू नका. आमच्याकडच्या पाकिटांवर सासूबाई स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ लिहितात, "मेथी नाही."