माळवद पाडायच्या आधी हे करून बघा

किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, आणि तेव्हापासून लातूर-उस्मानाबादकडे (आताचं धाराशिव) माळवदाचं घर, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांवर मातीचं सपाट छप्पर असलेलं घर, म्हणजे यमाचं घर असंच होऊन बसलं. ५२ गावं उठवून दुसरीकडे वसवली, पुढे ज्याला परवडलं त्यानं स्लॅब टाकला. आता एप्रिलमध्ये त्याच स्लॅबखाली जीव नकोसा होतो, म्हणून जुनं घर नीट करायचं का असं बरेच जण विचारतात. करा, पण नुसतं लिंपून रंग देऊ नका.

भूकंपात मारलं ते माळवदाच्या वजनानं. गळतंय म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी वर पांढरी माती टाकायची, जुनी कुणी काढायचंच नाही. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट थर होता, हिशोब केला तर जवळजवळ नऊ टन! आजोबा त्याखाली निवांत घोरायचे.

तर पहिलं काम ते, माती उतरवा. दोन्ही बाजूंनी सारखी काढा, एकीकडूनच उपसली तर तुळई कलते. फळ्या, तुळया बघा, वाळवी लागलेली बदला, मग जाड प्लास्टिक अंथरून वर सहा-आठ इंचच माती, पाण्याला उतार देऊन.

मग भिंत, खरी मेख इथेच आहे. बाहेरून दोन-अडीच फूट जाड दिसते पण आत दोन वेगळ्या भिंती आणि मधे गोटे-माती भरलेली असते, हादरा बसला की दोन्ही सुट्या होऊन पडतात. म्हणून उंचीत दर दोन फुटांवर आणि आडवं साधारण मीटरभर अंतरानं एकेक दगड पहारीनं हळूहळू हलवून काढायचा (घण मारू नका), आरपार भोक पाडून दोन्ही टोकं वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. भिंतीला पोट आलं असेल तर हे सोडा, आधी टेकू द्या आणि तेवढा भाग उतरवून परत रचा.

खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू बोल्टनं कसा. माळवदाखाली चारी भिंतींवरून त्यांना एकत्र बांधून ठेवणारा सलग पट्टा पण लागतो, तो मात्र इंजिनिअरला दाखवूनच करा, मिस्त्री "काही होत नाही" म्हणतो त्यावर जाऊ नका.

उतरवलेली माती फेकू नका, चाळून भुसा मिसळून आठवडाभर भिजत ठेवा, आतल्या लिंपणाला तीच लागते.